विषय: भाच्यासाठी पहिले डीजे साहित्य – ४०,००० रुपयांत काय घ्यावे?

नमस्कार मंडळी,

उदगीरला माझी धाकटी बहीण असते. तिचा मुलगा महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या लग्नसराईत तो गावातल्या एका साउंड सर्व्हिसबरोबर वायरी ओढायला आणि बॉक्स लावायला जात होता. आता त्याला स्वतः गाणी वाजवायला शिकायचे आहे. मावशी या नात्याने मी त्याला ४०,००० रुपये देण्याचे कबूल केले आहे. त्याच्याकडे ८ जीबी रॅमचा बऱ्यापैकी लॅपटॉप आहे. ओळखीच्या एका दुकानदाराने त्याला दोन मोठे स्पीकर, एक ॲम्प्लिफायर आणि पेन ड्राइव्ह लागणारा मिक्सर असा संच याच पैशांत बसवून देतो असे सांगितले आहे. मुलाचे मन त्या संचावर गेले आहे, तर बहिणीला मात्र पैसे जाऊन घरात नुसती खोकी पडून राहतील अशी काळजी वाटते. आपल्या या चर्चा-यादीवरच्या लातूरच्या दादांनी इथे अमेरिकेत असताना आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाची ध्वनिव्यवस्था सांभाळली होती आणि आता ते तिकडे भारतात हाच व्यवसाय करतात, म्हणून त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. दिवाळीनंतर मी भारतात जाणार आहे. अमेरिकेतून काही न्यावे का, तेही कळवावे.

आपली,
मूळ गाव उदगीर

---

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या दुकानदाराचा संच घेऊ नये, हे मी आधीच स्पष्ट सांगतो. त्या संचात आवाज मोठा करण्याचे साहित्य आहे, वाजवायला शिकण्याचे साहित्य नाही. आपल्या मराठवाड्यात हळदीपासून वरातीपर्यंत आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीपासून गणपती विसर्जनापर्यंत जो आवाज लागतो, तो तालुक्याच्या प्रत्येक गावात साउंड सर्व्हिसवाल्यांकडे भाड्याने मिळतो. बेस (जाड आवाजाचे स्पीकर), टॉप (बारीक आवाजाचे स्पीकर), ॲम्प्लिफायर, जनरेटर आणि ते वाहणारा टेम्पो हे सगळे त्यांचेच असते. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या मुलाने ४०,००० रुपयांचे स्पीकर घेतले तरी उघड्या मैदानातल्या दोनशे माणसांनाही ते पुरणार नाहीत आणि घरात पूर्ण आवाजात ते लावताही येणार नाहीत. म्हणजे ते ना कामाला उपयोगी, ना सरावाला. त्याचे पहिले वर्ष हेडफोनमध्ये जाणार आहे आणि पैसाही तिथेच गेला पाहिजे.

त्याला घ्यायचा आहे तो दोन डेकचा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमधली दोन गाणी एकाच वेळी हाताळायचे चाके-बटणांचे यंत्र, ज्यात साउंड कार्ड (आवाज बाहेर काढणारा भाग) आतच असेल. ही अट का महत्त्वाची आहे ते जरा विस्ताराने सांगतो, कारण स्वस्त वस्तू घेताना लोक नेमके इथेच फसतात. डीजेचे मूळ काम असे असते की एक गाणे लोकांना ऐकू जात असताना त्याच वेळी दुसरे गाणे फक्त त्याच्या हेडफोनमध्ये वाजत असते, आणि दोन्हींचा ठेका जुळला, पुढच्या ओळीची सुरुवात सापडली की तो फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) सरकवून दुसरे गाणे बाहेर सोडतो. यासाठी यंत्रातून दोन स्वतंत्र स्टिरिओ आवाज बाहेर पडावे लागतात, एक स्पीकरकडे आणि एक हेडफोनकडे. लॅपटॉपच्या साध्या हेडफोन-जॅकमधून एकच स्टिरिओ आवाज मिळतो. साउंड कार्ड नसलेला कंट्रोलर घेतला तर दिसायला बटणे, चाके सगळे असते, पण पुढचे गाणे आधी ऐकण्याची सोयच नसते, आणि मग तो मुलगा एक गाणे संपले की दुसरे लावणारा माणूस होऊन राहतो. खोक्यावर हेडफोनचे आणि मुख्य आवाजाचे अशी दोन वेगळी आउटपुट दाखवली आहेत का, हे त्याने आधी पाहावे.

आता नावे घेऊन सांगतो. पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स ४ हा नवशिक्यांसाठीचा दोन चॅनेलचा कंट्रोलर आहे. त्यात साउंड कार्ड आहे, मागे आरसीए आउटपुट (स्पीकर किंवा मिक्सरकडे जाणाऱ्या वायरीची लाल-पांढरी गोल जोडणी) आहे, माइकची जागा आहे आणि तो लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो. त्याच्याबरोबर रेकॉर्डबॉक्स हे सॉफ्टवेअर वेगळे पैसे न भरता वाजवण्यासाठी खुले होते, सेराटो डीजे लाइटही चालते. त्याच्या बटणांची मांडणी क्लबमधल्या मोठ्या सीडीजे यंत्रांच्या जवळ जाणारी आहे, म्हणून उद्या तो संभाजीनगर किंवा पुण्याच्या एखाद्या हॉटेलात वाजवायला उभा राहिला तर हात चाचपडणार नाही. अडचण एवढीच की तुमच्या रकमेचा मोठा भाग हा कंट्रोलरच खाऊन टाकेल आणि चांगल्या हेडफोनसाठी ओढाताण होईल. तशी ती होत असेल तर हर्क्युलिसचा डीजेकंट्रोल इनपल्स ३०० पाहावा. तो बराच स्वस्त पडतो, त्यातही साउंड कार्ड आहे, आणि ठेका जुळवताना गाणे पुढे चालले आहे की मागे पडते आहे हे दाखवणारे छोटे दिवे आहेत, जे सुरुवातीला खरोखर उपयोगी पडतात. नुमार्कचा मिक्सट्रॅक प्रो एफएक्स याच पंक्तीतला असून त्याची चाके मोठी आहेत.

या तिघांपैकी काहीही घेतले तरी तो शिकेल. ज्याच्या दुरुस्तीची सोय जवळ आहे आणि ज्याचे पक्के बिल मिळते, ते घ्यावे. अगदीच काही न घेता महिनाभर पाहायचे असेल तर मिक्स (Mixxx) हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून कीबोर्डवर हात बसवता येतो. आवड टिकते की नाही हे त्यातून बहिणीलाही कळेल.

हेडफोन कानावर पूर्ण बसणारे, बंद पाठीचे असावेत. ब्लूटूथचे नकोत, कारण त्यात आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि तेवढ्या उशिराने ठेका जुळवण्याचे सगळे गणित बिघडते. ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम२०एक्स सरावाला पुष्कळ झाले.

एका गोष्टीकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधतो. या कंट्रोलरवर सिंक नावाचे बटण असते. ते दाबले की दोन्ही गाण्यांची गती आपोआप एक होते. परदेशी नृत्यसंगीत संगणकाच्या पक्क्या ठेक्यावर बनते, तिथे ते बटण चोख चालते. आपल्याकडे ज्या गाण्यांवर माणसे नाचतात त्यांतली कित्येक ढोलकी, संबळ, हलगी प्रत्यक्ष वाजवून ध्वनिमुद्रित झालेली आहेत. वादक कडव्यात थोडा सावकाश जातो, धृपदाला चढतो, आणि शेवटाकडे तर गती वाढतेच. सॉफ्टवेअरने अशा गाण्यावर आखलेली बीटची रेघ दुसऱ्या कडव्यापर्यंत ठेक्यापासून सुटलेली असते. रेकॉर्डबॉक्समध्ये बदलत्या गतीचे विश्लेषण करण्याचा डायनॅमिक हा पर्याय आहे, तो वापरावा, पण त्यावर विसंबू नये. लावण्या आणि कोळीगीते यांतली बरीच सहा मात्रांच्या चालीची असतात. सॉफ्टवेअर त्यांना चारच्या चौकटीत बसवू पाहते आणि पडद्यावरचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके हा आकडा) भलताच निघतो. अशा दोन गाण्यांची सरमिसळ करू नये. पहिल्याची ओळ पूर्ण होऊ द्यावी, शेवटच्या शब्दावर थोडा एको द्यावा आणि समेवर दुसरे सोडावे. हे सगळे कानानेच करावे लागते.

म्हणून त्याने सुरुवातीचे काही महिने सिंकला हात न लावता सराव करावा. पक्क्या ठेक्याची दोन गाणी घ्यावीत, एक ९६ बीपीएमचे आणि एक १०० चे. पहिल्याचा टेम्पो फेडर (गाण्याची गती बदलणारी सरकपट्टी) चार टक्क्यांहून किंचित वर नेला की दोन्ही एका गतीला येतात. मग पडद्यावरचे आकडे झाकून तेच केवळ ऐकून करावे. हेडफोनचा एक कान लावावा, एक मोकळा ठेवावा. दोन्ही ठेके घसरू लागले की आधी टाळी जाड झाल्यासारखी वाटते आणि नंतर एकाच्या दोन टाळ्या ऐकू येतात. जाड झाली तेव्हाच चाकाला बोट लावून सावरता आले पाहिजे.

लॅपटॉप त्याच्याकडे आहे हे उत्तम. मे महिन्यातल्या लग्नात मंडपाखाली तो तापतो, म्हणून त्याखाली हवा खेळेल असा स्टँड असावा आणि गाणी इंटरनेटवर अवलंबून न राहता डिस्कवर उतरवलेली असावीत. गाणी विकत घेतलेली, ३२० केबीपीएसची, म्हणजे चांगल्या प्रतीची असावीत. व्हिडिओवरून ओढलेले गाणे घरच्या हेडफोनमध्ये खपून जाते, पण मोठ्या टॉपवर त्याचा पत्रा वाजतो.

आपला,
लातूर

---

दादा, फार आभार. मुलाला तुमचे पत्र वाचून दाखवले. स्पीकरचा हट्ट त्याने सोडला आहे. मंडळातल्या एका सभासदाने त्यांचा जुना कंट्रोलर आणि त्याच्यासोबतचे दोन पॉवर्ड स्पीकर (ॲम्प्लिफायर आतच असलेले) स्वस्तात देऊ केले आहेत. ते इथून न्यावेत का? आणि ज्या साउंड सर्व्हिसबरोबर तो जातो, त्यांच्या यंत्रणेला हा कंट्रोलर जोडता येईल का?

आपली,
मूळ गाव उदगीर

---

ताई,

कंट्रोलर आणावा, स्पीकर आणू नयेत. यूएसबीवर चालणाऱ्या कंट्रोलरला अमेरिका काय आणि उदगीर काय, लॅपटॉपमधून ५ व्होल्टच मिळणार आहेत. पॉवर्ड स्पीकर मात्र तिकडच्या १२० व्होल्टसाठी बनलेला असू शकतो. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात आणि मागच्या बाजूला व्होल्टेज बदलण्याची सोय नसेल तर पहिल्याच वेळी तो जळेल. शिवाय विमानात त्याचे वजन परवडणार नाही. तिकडची वॉरंटी इकडे चालेलच असे नाही, हेही किंमत ठरवताना धरावे.

जुना कंट्रोलर घेण्याआधी तो लॅपटॉपला जोडून प्रत्येक बटण, प्रत्येक फेडर सॉफ्टवेअरच्या पडद्यावर हलतो का ते पाहावे. प्ले आणि क्यू (गाणे ठरल्या जागी परत नेणारे) ही बटणे सर्वांत जास्त दाबली जातात, तेव्हा ती हलक्या दाबाने लागली पाहिजेत. फेडर वरखाली करताना खरखर येते का ऐकावे, टेम्पो फेडर मध्यावर सोडला की आकडा शून्यावर थांबतो का पाहावे, आणि यूएसबीची पिन हलवून जोडणी तुटत नाही ना याची खात्री करावी. यूएसबीचा सांधा ढिला असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण भर वरातीत आवाज बंद पडणार तो तिथूनच.

साउंड सर्व्हिसच्या मिक्सरला जोडायला आरसीएकडून मोठ्या जॅककडे जाणारी वायर लागते. ती स्वतःची, चांगल्या प्रतीची आणि एक जादा अशी बाळगावी. जनरेटरवर पुष्कळदा अर्थिंग नीट नसते आणि लॅपटॉपचा चार्जर लावताच बॉक्समधून गुणगुण सुरू होते. चार्जर काढला की ती थांबली, तर दोष अर्थिंगचा आहे हे ओळखावे, लॅपटॉप तेवढा वेळ बॅटरीवर चालवावा आणि साउंडवाल्यांकडे डीआय बॉक्स (वायरीमध्ये लावून ही गुणगुण तोडणारी छोटी पेटी) मागावा. चार्जरची अर्थिंगची पिन मोडण्याचा जो उपाय गावात सांगतात, तो त्याने कधीही करू नये. त्यात जिवाला धोका आहे. आवाजाची पातळी ठेवताना कंट्रोलरवरचा लाल दिवा लागू देऊ नये. एकदा तिथे आवाज फाटला की पुढे कितीही महाग ॲम्प्लिफायर असला तरी तो फाटलेलाच मोठा होतो.

त्याच्या कानांबद्दल बहिणीला अवश्य सांगा. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करणे ही मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. मिरवणुकीत बॉक्सच्या जवळ आवाज याहून मोठा असतो. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतात, ते पहिल्या कार्यक्रमापासून घालावेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. काही ठरावीक दिवशी शासन १२ वाजेपर्यंत सवलत देते, पण तो दिवस कोणता हे साउंडवाल्याच्या तोंडी हमीवर न सोडता पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

त्या सभासदांच्या कंट्रोलरचे मॉडेल आणि मागच्या बाजूचा फोटो यादीवर पाठवा. साउंड कार्ड आहे की नाही ते पाहून मी लगेच कळवतो. उरलेल्या पैशांतून आधी हेडफोन घ्यावेत.

आपला,
लातूर