आयटीआयनंतर थेट दुसरं वर्ष, पण गणिताचं काय?

'आयटीआय करून डिप्लोमाला गेलं की पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात' असं काही जण म्हणतात, ते बरोबर नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड, उदाहरणार्थ फिटर, पास असेल तर महाराष्ट्रात पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मी तसाच गेलो. अडचण वेगळीच निघाली. पहिल्या वर्षाचं गणित आपण केलेलंच नसतं आणि वर्गात सर मात्र 'हे तुम्हाला येतंच' म्हणून पुढे जातात! पहिले दोन महिने माझे अक्षरशः अंधारात गेले.

आधी भोसरीत वर्षभर अप्रेंटिसशिप केली होती, ती मात्र कामी आली. पहिले तीन महिने झाडू आणि ग्रीस गन एवढंच हातात, त्याचा राग यायचा. मग एका जुन्या फिटर काकांनी पंप-मोटरचं अलाइनमेंट करायला बसवलं, म्हणजे दोघांचे शाफ्ट एका रेषेत आणायचे, नाहीतर मशीन थरथरतं. कपलिंगवर (दोन शाफ्ट जोडणारा भाग) डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, लावायचं, शाफ्ट हाताने पूर्ण एक फेरा फिरवायचा, मोटरच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) सरकवायच्या. त्याआधी मोटरचा पाय नीट टेकलाय की नाही ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघायचं, नाहीतर बोल्ट आवळला की सगळं रीडिंग बदलतं. डिप्लोमाला व्हायब्रेशनचा धडा आला तेव्हा मला काकांचे ते काळे हातच दिसत होते. त्यामुळे अप्रेंटिसशिप टाळून डिप्लोमाला पळू नका, फक्त डिप्लोमा सुरू होण्याआधीच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक उघडा.