जुनी बॉक्स्टर दुरुस्तीला डीलरकडे द्यावी की नाही?

उताराचा_गिअर (धागाकर्ता)

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो आणि माझ्याकडे २००३ सालची, हाताने गिअर टाकायची पोर्शे बॉक्स्टर आहे. क्लच घसरू लागला आहे. तो बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणे आले, आणि गिअरबॉक्स उतरला की इंजिनातल्या चेन फिरवणाऱ्या इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग, ज्याच्या नुसत्या नावाने या गाड्यांच्या मालकांची झोप उडते, तेही हाताशी येते. डीलर म्हणतो की क्लच आणि क्रँकशाफ्टचे मागचे सील बदलू, पण चालत्या बेअरिंगला हात लावू नये. फक्त पोर्शेचीच कामे करणाऱ्या एका खासगी गॅरेजचे म्हणणे नेमके उलट आहे. इतक्या जुन्या गाडीसाठी डीलरवर भरवसा ठेवावा का?

पावती_जपणारा

ठेवावा. डीलरकडचे प्रत्येक काम गाडीच्या क्रमांकावर नोंदले जाते आणि उद्या गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा आधी तो कागद मागतो. नवी किल्ली गाडीला ओळखायला लावायची असेल, तर कारखान्याची निदान-यंत्रणा आणि त्या गाडीचे सांकेतिक क्रमांक लागतात, ते डीलरकडे हमखास मिळतात. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी धुराची तपासणी असते आणि तिथे राज्याची मान्यता नसलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, चालत नाही, हेही विसरू नये. स्वस्तात बसवलेला भाग पुढे दुप्पट खर्चात पाडतो. राहता राहिले बेअरिंग. बहुतेक गाड्यांचे ते कधीच निकामी होत नाही.

काळे_हात

निकामी होत नाही तोवर होत नाही, आणि होते तेव्हा चेनचे टायमिंग सुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणजे अख्खे इंजिनच जाते. या बेअरिंगला दोन्ही बाजूंनी सील आहे. काळानुसार सीलमधून इंजिन तेल आत झिरपते, मूळचे ग्रीस धुऊन निघते आणि आत अडकलेले तेल तिथेच जुने होत राहते. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला व २०१३ साली तडजोड झाली. मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या बॉक्स्टर आणि ९११ गाड्या तीत होत्या, पण मुदत दहा वर्षांची किंवा १,३०,००० मैलांची, जी आधी संपेल ती. तुमच्या गाडीची ती केव्हाच संपली.

डीलर ‘हात लावू नये’ म्हणतो त्यामागे लबाडी नाही, हे मी मान्य करतो. कारखान्याने हे बेअरिंग सुटा भाग म्हणून विकायला ठेवलेच नव्हते. ज्या कामाला कारखान्याचा भाग नाही आणि पद्धतही नाही, ते काम डीलरच्या लेखी अस्तित्वातच नसते. पर्यायी बेअरिंग आणि ते ओढून काढण्याची हत्यारे बाहेरच्या लोकांनी तयार केली.

दुसरे कारण पैशाचे आहे. डीलरकडच्या कारागिराला बहुधा पुस्तकात लिहिलेल्या तासांप्रमाणे मोबदला मिळतो. गंजलेला बोल्ट मोडला, तर तो काढण्यात गेलेला वेळ त्याच्या खिशातून जातो. पोर्शेच्याच नव्या ‘मकान’ एसयूव्हीची सर्व्हिस त्या वेळात दोनदा उरकते, मग तुमची गाडी त्याला नकोशी वाटली तर नवल काय? याच गाडीच्या बाबतीत घडलेला एक प्रकार मी जवळून पाहिला आहे. छत मागे जिथे दुमडते, त्या कोपऱ्यांतली पाणी वाहून जाण्याची भोके पाचोळ्याने बुजतात, पहिल्या पावसात पाणी आत शिरते आणि चालकाच्या आसनाखालचा इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारे यंत्र, भिजतो. एका डीलरने नवा इमोबिलायझर बसवून भलेमोठे बिल दिले, पण भोके बुजलेलीच ठेवली.

पावती_जपणारा

एका निष्काळजी माणसावरून सगळ्या डीलरांना धोपटणे बरे नव्हे. तुमच्या लाडक्या गॅरेजमध्ये जाणता माणूस एकच असतो, तो निवृत्त झाला की पुढे काय? शिवाय बेअरिंग बदलताना व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट जागच्या जागी धरून ठेवावे लागतात. तिथे चूक झाली, तर जे टाळायला गेलात तेच ओढवून घ्याल. पर्यायी बेअरिंगही अमर नाहीत, आणि तो बसवणारा इंजिनाच्या नुकसानीची हमी किती देतो, हे विचारून पाहा.

सनीव्हेलची_बाई

दोघांनीही एक पायरी गाळली आहे. बेअरिंग बदलण्याआधी ते अजून शाबूत आहे का, हे पाहावे लागते. तेलाचा फिल्टर काढून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडा आणि त्यांवरून चुंबक फिरवा. चमकदार कण चुंबकाला चिकटले तर ते पोलादाचे आहेत, आणि अशा वेळी नवे बेअरिंग बसवणे म्हणजे पैसे पाण्यात, कारण ते कण इंजिनभर फिरलेले असतात. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे दिसले तर चेनच्या मार्गदर्शक पट्ट्या झिजत आहेत. ही तपासणी आधी कोण सुचवतो, यावरून मी कारागीर पारखते, मग पाटी कोणतीही असो.

कॅलिफोर्नियातला कायदाही तुमच्या बाजूने आहे. डीलर असो वा खासगी गॅरेज, कामाआधी लेखी अंदाज द्यावाच लागतो, आणि काम सोपवतानाच सांगितले तर बदललेले जुने भाग सहसा परत मिळतात. तसे आधीच लिहून घ्या. बेअरिंग हातात आले की त्याचे सील आणि आतल्या गोळ्या स्वतः पाहता येतील.

उताराचा_गिअर (धागाकर्ता)

फिल्टर आधी उघडून दाखवाल का, असे दोघांनाही विचारले. डीलरच्या सल्लागाराने तसे काम त्यांच्या यादीत नसल्याचे नम्रपणे सांगितले, तर गॅरेजवाल्याने त्याशिवाय आपण बेअरिंगचे काम हातात घेतच नाही असे उत्तर दिले. क्लच, सील आणि बेअरिंग गॅरेजकडे देत आहे. दुसरी किल्ली मात्र डीलरकडूनच करून घेईन.

पावती_जपणारा

निर्णय पटला नाही, पण कारण पटले. गॅरेजवाल्याकडून हमीची मुदत आणि मैल तेवढे बिलावरच लिहून घ्या.