दोन मिलिमीटरमध्ये काय बसवायचं?

फुलांचे अगदी जवळून फोटो काढण्याबद्दल कुणीतरी दिलेला 'ऑर्किडसाठी अ‍ॅपर्चर सरळ एफ/२२ ठेवा, सगळं फूल शार्प येतं' हा सल्ला मला पटत नाही. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान. अ‍ॅपर्चर लहान केलं की डेप्थ, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारी खोली, वाढते हे खरं. पण इतक्या जवळून एफ/२२ वापरलं तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) पाकळीवरच्या बारीक शिराच मऊ पडतात, आणि त्यांच्यासाठीच तर आपण एवढे जवळ गेलेलो असतो! फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १:१ ला (फूल सेन्सरवर खऱ्या आकाराचं उमटतं तेव्हा) एफ/८ ठेवलं तर साधारण १ मिलिमीटर स्पष्ट येतं, एफ/१६ ला २. अख्खं फूल त्यात मावणारच नाही. ऑर्किडमध्ये पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळून मधोमध एक स्तंभ झालेला असतो, त्याच्या टोकाला छोट्या टोपीखाली परागांच्या पिवळ्या गुठळ्या असतात. मी फोकस त्या टोपीवर धरते. ती स्पष्ट असली की मागच्या पाकळ्या विरघळल्या तरी फूल जिवंत वाटतं.

पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या फुलांच्या प्रदर्शनाला जाणार असाल तर अँथुरियमसाठी पोलरायझर (लेन्सवर लावून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर) जरूर न्या. त्याचं ते लाल तकतकीत 'फूल' म्हणजे खरं तर पान आहे, खरी फुलं मधल्या दांडीवर दाटीने बसलेली असतात. पोलरायझर फिरवत गेलं की पानावरची पांढरी चमक उतरते आणि आतला लाल रंग अचानक वर येतो. आणि हो, मंडपाचं कापड रंगीत असेल तर पांढऱ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडवर त्याची झाक हमखास येते. फुलाशेजारी कोरा कागद धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं कॅमेऱ्यातलं सेटिंग) आधीच लावून घ्या.