सत्तरच्या दशकातील अमेरिकेचा भ्रमनिरास: वॉटरगेट की महागाई?

प्रश्न

सत्तरच्या दशकातील अमेरिकेविषयीचे लेखन बहुधा वॉटरगेटपाशी, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी दडपण्याच्या प्रकरणापाशी, येऊन थांबते. त्यापायी ९ ऑगस्ट १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन पायउतार झाले, महिनाभरात त्यांच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी दिली आणि पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिकेचा पाठिंबा असलेल्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली. सरकारवरचा विश्वास उडायला एवढे पुरेसे होते, हे मान्य. परंतु १५ जुलै १९७९ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर देशाच्या ढासळलेल्या आत्मविश्वासाविषयी बोलले, तेव्हा त्या भाषणाचा मोठा भाग तेलाविषयी होता. एका अध्यक्षाच्या गैरकृत्यांतून आलेली निराशा पेट्रोलपर्यंत कशी पोहोचली? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

हे दोन्ही धागे आरंभापासूनच एकमेकांत गुंतलेले होते, असे मला वाटते. ३५ डॉलरला एक औंस या दराने परकीय सरकारांना सोने देण्याची हमी निक्सन यांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी काढून घेतली आणि त्याच भाषणात महागाई रोखण्यासाठी वेतन व किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या. पुढे ऑक्टोबर १९७३ मधील अरब-इस्राएल युद्धात अमेरिकेने इस्राएलला शस्त्रे पुरवल्यामुळे अरब देशांनी तिचे तेल रोखले, आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांतच १२ डॉलरच्या आसपास गेला. काही राज्यांत गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा अंक सम असेल तर सम तारखेला आणि विषम असेल तर विषम तारखेलाच पेट्रोल मिळू लागले. टाकी भरताना ज्याने कधी दोनदा विचार केला नव्हता, तो माणूस आता भल्या सकाळी पंपावर रांग लावत होता, आणि वॉटरगेटच्या बातम्या त्याने त्याच रांगेत, गाडीतल्या रेडिओवर ऐकल्या असतील. मे १९७५ मध्ये बेकारी ९ टक्क्यांवर गेली, तरीही महागाई पुरती हटली नाही.

प्रतिसाद २

यात ओहायोतील यंगस्टाउनची भर घालतो. १९ सप्टेंबर १९७७ च्या सोमवारी तेथील पोलाद कारखान्याचा मोठा भाग बंद करण्याची घोषणा झाली आणि सुमारे ५,००० कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली. बापामागून मुलगा भट्टीवर लागायचा, अशी ज्या गावाची रीत होती, तेथे तो सोमवार आजही ‘काळा सोमवार’ म्हणूनच ओळखला जातो.

प्रतिसाद ३

वरील दोघांशी सहमत असूनही मला विचारावेसे वाटते, की हा भ्रमनिरास नेमका कोणाचा? कर्ज देताना स्त्री-पुरुष किंवा विवाहित-अविवाहित असा भेद करण्यास १९७४ च्या कायद्याने बंदी केली; त्यापूर्वी विवाहित स्त्रीकडे कर्जासाठी पतीची सही सर्रास मागितली जात असे. अशा स्त्रीच्या दृष्टीने हे दशक ऱ्हासाचे नव्हते. याउलट, त्याच वर्षी बॉस्टनमध्ये शाळांतील वंशभेद मोडण्यासाठी कृष्णवर्णीय मुलांना नेणाऱ्या बसगाड्यांवर दगड फेकले गेले, हेही विसरता कामा नये.

मूळ प्रश्नाचे उत्तर मला कॅलिफोर्नियात सापडते. महागाईमुळे घरांच्या किमती फुगल्या, त्यासोबत मालमत्ता कर वाढला, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरमालकाचे उत्पन्न मात्र तेवढेच राहिले. जून १९७८ मध्ये तेथील मतदारांनी सुमारे दोन तृतीयांश बहुमताने हा कर मालमत्तेच्या मूल्याच्या १ टक्क्यावर रोखला. सरकारवरचा अविश्वास आणि खिशाला बसलेली झळ एकाच मतपत्रिकेवर उतरली, आणि दोनच वर्षांनी रेगन याच लाटेवर अध्यक्ष म्हणून निवडून आले.