मदत हवी आहे: वाफेच्या इंजिनाचे पितळी खांब जलरंगात कसे रंगवावेत?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये नॉरफकला राहतो. इथल्या थेटफर्डमध्ये चार्ल्स बरेल यांचा कारखाना होता. 1928 मध्ये तो बंद झाला, पण तिथली रस्त्यावर चालणारी वाफेची इंजिनं हौशी मंडळींनी जिवापाड जपली आहेत. त्यातलं जत्रेचं शोमन्स इंजिन मला चितारायचं आहे.

हे इंजिन पाळण्यांचं सामान गावोगाव ओढून न्यायचं आणि मुक्कामी पोचलं की त्यांना वीजही पुरवायचं. धुराड्यापुढे डायनॅमो म्हणजे वीज बनवणारं यंत्र, फ्लायव्हीलवरून (इंजिनाच्या बाजूच्या मोठ्या जड चाकावरून) त्याला पट्टा. अंग गडद किरमिजी, चाकं पिवळी आणि छत पेलणारे पीळदार पितळी खांब. काय देखणं यंत्र आहे!

घोडं अडलंय त्या खांबांपाशी. प्रत्येक पिळावर उजेडाची तिरकी रेघ, तिला लागूनच किरमिजी प्रतिबिंब, मग जवळजवळ काळी सावली. मास्किंग फ्लुइड (कागदाचा पांढरा भाग रंगापासून झाकून ठेवणारा द्रव) लावलं की कडा कापल्यासारख्या येतात. ओल्यावर ओलं रंगवलं की पितळेची हळद होते.

तांब्या-पितळेची भांडी रंगवणाऱ्यांनी कृपया सांगा: पिवळा थर पूर्ण वाळवून मग सावल्या चढवता का? अपारदर्शक पांढरा शक्यतो नकोच, कागदाची झळाळी त्याला येत नाही.

छताचे दिवे लागल्यानंतरचे, पट्ट्याच्या बाजूने काढलेले फोटो कोणाकडे असतील तर जरूर पाठवा. आणि आपल्याकडे वाफेचा रोड रोलर चालताना ज्यांनी पाहिलाय त्यांनी आठवणी लिहाच, तोही याच कुळातला.