मदत हवी आहे: मॅग्नेटारच्या एक्स-रे वर्णपटाला दोन्ही मॉडेल्स बसतायत, कुठलं धरू?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी शर्मिष्ठा तारकासमूहातला ४यू ०१४२+६१ हा मॅग्नेटार (अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा) घेतलाय. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या नायसर या एक्स-रे दुर्बिणीचा डेटा नासाच्या हीसार्क संग्रहातून उतरवला. आमच्या कॉलेजात हा विषय कुणाचाच नाही, गाइड सॉलिड स्टेटवाले, म्हणून इथे विचारतोय.

टायमिंगचं बरं चाललंय. पॉवर स्पेक्ट्रममध्ये ०.२३ हर्ट्झला मोठा सुळका येतो आणि ०.११५ ला त्याहून लहान. ८.६९ सेकंदांच्या फिरण्याच्या काळावर डेटा फोल्ड केला (सगळ्या फेऱ्या एकावर एक रचल्या) की एका फेरीत दोन उंचवटे दिसतात, त्यामुळे ०.२३ वाला दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेची दुप्पट) धरला. यात काही खटकत असेल तर सांगा.

अडलंय ते वर्णपटापाशी. एक्सस्पेक या वर्णपट फिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅकबॉडी (तापलेल्या पृष्ठभागाचं उत्सर्जन) + पॉवर लॉ (ऊर्जेच्या ठराविक घाताने घटणारा वर्णपट) लावलं तर तापमान ०.४ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट), फोटॉन इंडेक्स (तो घात) ३.७ च्या आसपास आणि हायड्रोजन कॉलम, म्हणजे वाटेतल्या वायूचं प्रमाण, १० चा २२वा घात अणू दर चौ. सेंमी. दोन ब्लॅकबॉडी लावल्या तर हाच कॉलम जवळपास निम्म्यावर येतो. काय-स्क्वेअर (फिट किती जुळतं त्याचं माप) दोन्हीकडे सारखाच. वाटेतला वायू तर एकच आहे, मग मॉडेल बदललं की तो निम्मा कसा होतो? आणि रिपोर्टात कुठला आकडा लिहू? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

हार्मोनिकचं बरोबर आहे, या ताऱ्याची स्पंदनं कमी ऊर्जेला दुहेरीच असतात.

कॉलमचा घोळ पॉवर लॉमुळे होतो. इंडेक्स ३.७ म्हणजे ऊर्जा कमी होईल तसे फोटॉन भराभर वाढत जाणार. १ केईव्हीच्या खाली तेवढे फोटॉन डेटात नसतातच, मग एक्सस्पेक वायू वाढवून ते गिळायला लावतो. प्रत्यक्षात वर्णपटाची वरच्या ऊर्जेकडची शेपटी, जिला आपण पॉवर लॉ लावतो, ती पृष्ठभागावरून निघालेल्या फोटॉन्सचीच असते. पिळलेल्या चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉन्सवर आपटून ते वरच्या ऊर्जेला जातात. ब्लॅकबॉडीच्या शिखराखाली ती शेपटी तशीच चढत राहण्याला भौतिक आधार नाही.

त्यामुळे कॉलमचा आकडा फिटवरून ठरवूच नका. एक्सएमएम-न्यूटन या एक्स-रे दुर्बिणीच्या ग्रेटिंग वर्णपटातल्या ऑक्सिजन, लोह वगैरेंच्या शोषण-कडांवरून तो मॉडेलशिवाय मोजला गेलाय. २००६ च्या त्या मोजणीत तो ६.४ गुणिले १० चा २१वा घात आला. तोच आकडा फिटमध्ये फ्रीझ करा, म्हणजे बदलू देऊ नका. मात्र अबंडन्स टेबल (वायूत कुठलं मूलद्रव्य किती धरायचं याचा तक्ता) जुळतंय का बघा, एक्सस्पेक मुळात जुनं ‘अँगर’ धरतो आणि ‘विल्म’ लावलं की कॉलम बराच वाढतो. हे टेबल रिपोर्टात न लिहिणारे पेपरही मी पाहिलेत!

प्रतिसाद २

वरच्याला पुस्ती. आयएक्सपीई या उपग्रहाने २०२२ च्या सुरुवातीला याच ताऱ्याच्या एक्स-किरणांचं ध्रुवीकरण (लहरी एकाच दिशेत कंप पावण्याचं प्रमाण) मोजलं. २ ते ४ केईव्हीत सुमारे १५ टक्के, ५.५ च्या वर सुमारे ३५ टक्के, आणि मधे ४-५ केईव्हीला ते जवळजवळ शून्यावर येऊन ध्रुवीकरणाचा कोन ९० अंशांनी फिरतो. म्हणजे वर्णपटातले दोन घटक खरेच वेगळे आहेत, नुसत्या फिटच्या सोयीचे नाहीत. दुसरी ब्लॅकबॉडी हे तापलेल्या ठिपक्याचं तापमान आहे असं मात्र बेधडक लिहू नका.

हे सगळ्या मॅग्नेटारांना लागू नाही. १आरएक्सएस जे१७०८ या दुसऱ्या मॅग्नेटारमध्ये ध्रुवीकरण ८० टक्क्यांपर्यंत चढतं, पण कोन फिरतच नाही.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. कॉलम फ्रीझ केल्यावर पॉवर लॉवाला काय-स्क्वेअर चांगलाच बिघडला. २.२ केईव्हीजवळ एक खाचही दिसतेय, ती सायक्लोट्रॉन रेषा (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या कणांमुळे होणारं शोषण) असू शकेल का?

प्रतिसाद १

पॉवर लॉवाला बिघडणारच, त्याची पळवाट बंद केलीत ना. २.२ ची खाच ताऱ्याची नाही, नायसरच्या आरशांवर सोन्याचा मुलामा आहे त्याची. कॅलिब्रेशन फाइल्स ताज्या घेऊन पुन्हा चालवा आणि रेसिड्युअल्सचा (डेटा आणि मॉडेल यांतल्या फरकाचा) आलेख इथे टाका, मग पुढचं बघू.