सर्व्हर मधेच झोपतो, मदत हवी आहे (अर्जंट)

शाई-कागद | सोमवार, दुपारी १२:१०
सर्व्हर स्लो होतोय. सगळ्या फायली त्यावरच आहेत, ७०० एमबीचा बॅनरसुद्धा. कधी मस्त धावतो, कधी सेव्ह मारलं की पाच-पाच मिनिटं नुसतं गोल फिरत बसतं. राउटर दोनदा बंद करून चालू केला, फरक शून्य. चतुर्थी तोंडावर आलीय, आरत्यांच्या पुस्तिका, नाटकांची हँडबिलं, सगळं एकदम अंगावर आलंय. काय करू ते लवकर सांगा प्लीज.

केबलवाला मामा | १२:१८
केबल. न बघता सांगतो. पावसाळ्यात आपल्याकडे कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. सगळे जॅक कापून नवीन मारा.

म्हापशाचा शुक्रवार | १२:२५
मामा, जरा थांबा. ताई, सर्व्हर म्हणजे नक्की काय आहे? विंडोजचा साधा पीसी शेअर केलाय की वेगळा डबा? किती मशिनं? सगळीकडे एकाच वेळी अडकतं की एकाच टेबलावर? उघडताना की सेव्ह करताना? साधा विंडोज १० किंवा ११ असेल तर एका वेळी २० च्या वर कनेक्शनं घेत नाही, म्हणून विचारतोय.

क्लाउडबाब | १२:३१
अजून सर्व्हर सांभाळताय? सगळं क्लाउडवर टाका आणि सुखाने झोपा. आमचं अख्खं ऑफिस तसंच चालतं.

लिनक्सवेडा | १२:४०
@क्लाउडबाब, तुमचं ऑफिस एक्सेलचं. इथे ७०० एमबीचा बॅनर आहे, तो दर सेव्हला वर चढवायचा? आणि पाऊस लागला की नेट कसं चालतं ते गोव्यात कुंडईत येऊन बघा.

क्लाउडबाब | १२:४४
कुंडई कुठून आली मधेच? त्या कुठल्या ते बोलल्याच नाहीत.

शाई-कागद | दुपारी ३:२०
कुंडईच आहे, कसं ओळखलंत? आमचा छापखाना आहे. पीसी नाही, चार डिस्कवाला नॅस आहे (नेटवर्कवर फायली ठेवायचा वेगळा डबा). ६ मशिनं, कोरल आणि फोटोशॉप. आता उघडलं तर एकदम फास्ट चालतंय, म्हणजे आपोआप बरं झालं वाटतं.

म्हापशाचा शुक्रवार | ३:३१
आपोआप बरं झालेलं दुखणंच जास्त छळतं. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं राहिली.

शाई-कागद | संध्याकाळी ५:१५
परत झोपला!!! सेव्ह करताना जास्त. उघडायलाही वेळ लागतो, पण सेव्हला तर हातच टेकले. सगळ्यांकडे एकाच वेळी. कोपऱ्यातलं मशिन मात्र सकाळपासूनच रडतं.

लिनक्सवेडा | ५:२९
मग ही दोन दुखणी आहेत, एकत्र करू नका. कोपऱ्यातल्या मशिनवर नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १०० लिहिलं असेल तर मामा तेवढ्यापुरते बरोबर. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली की लिंक बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. मग सेकंदाला फार तर ११-१२ एमबी. तुमच्या ७०० एमबीच्या फाइलला मिनिट जातं, गिगाबिटवर सहा-सात सेकंदांत होते.
बाकीच्यांसाठी: अडकलं की लगेच नॅसला पिंग मारा (म्हणजे नेटवर्कवरून छोटी हाक, उत्तर किती वेळात येतं ते बघायला). पिंग झटकन येत असेल आणि फाइल मात्र हलत नसेल, तर नेटवर्कच्या मागे लागू नका, डिस्ककडे वळा.

केबलवाला मामा | ५:३३
बघा, केबलच.

अँटीव्हायरसग्रस्त | ५:५०
आमच्याकडे टॅली अशीच अडकायची. अँटीव्हायरसमधून शेअरचा फोल्डर वगळला आणि सुटली. टॅली कुठल्या व्हर्जनची आहे तुमची?

म्हापशाचा शुक्रवार | ५:५२
त्या टॅली वापरतात असं कोण म्हणालं?

शाई-कागद | मंगळवार, दुपारी १२:०५
कोपऱ्यातलं मशिन १०० च दाखवत होतं. केबल खिडकीतून बाहेर काढून परत आत घेतलीय, जॅक उघडला तर खरंच हिरवा. मुलाने नवीन मारला, आता १ जीबीपीएस. मामा, थँक्यू. पण पावणेबाराला सगळे परत अडकले. पिंग एक मिलिसेकंदाच्या आत. नॅसच्या पानावर डिस्कचं आरोग्य चारही हिरवं. म्हणजे डिस्क नाही ना?

लिनक्सवेडा | १२:२०
हिरवं म्हणजे डिस्क मेलेली नाही, एवढंच. अडकलेलं असताना नॅससमोर उभं राहून दिवे बघा. चारही सारखे लुकलुकतात का?

माटोळीप्रेमी | १२:२८
विषय वेगळा आहे, पण आरतीची १६ पानी पुस्तिका ५०० प्रती काय दराने पडेल? वाड्यासाठी हवी आहे.

शाई-कागद | संध्याकाळी ५:४०
@माटोळीप्रेमी, फायली सेव्ह झाल्या तर दर सांगते.
दिवे बघितले. पहिला, दुसरा आणि चौथा मधूनच एकदा चमकतात आणि गप्प. तिसरा अजिबात न लुकलुकता सलग पेटलेला. साधारण चार मिनिटं तसाच राहिला, मग चारही एकदम फडफडले आणि सगळ्यांच्या फायली सेव्ह झाल्या. तिसरी तर नवीन आहे हो, मे महिन्यात बदललेली.

म्हापशाचा शुक्रवार | ५:४४
ताई!! हे सोमवारी सांगायचं होतं!

शाई-कागद | ५:४७
नवीन डिस्क खराब कशी असेल? म्हणून नाही सांगितलं.

लिनक्सवेडा | ६:१०
खराब नसेलही. मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून एसएमआर लिहिलंय का बघा. या जातीत डिस्कवरचे ट्रॅक एकमेकांवर चढवून बसवलेले असतात, अगदी मंगळुरी कौलांसारखे. मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते, तसं थोडं बदललं तरी शेजारचा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. म्हणून डिस्क आधी एका राखीव जागेत भराभर लिहून घेते आणि मोकळा वेळ मिळाला की मागून आवराआवर करते. राखीव जागा भरली की मात्र ती कोणाचं ऐकत नाही. रेड ५ असेल, म्हणजे चारही डिस्क जोडून एकच साठा केला असेल, तर उरलेल्या तीन तिच्या तोंडाकडे बघत बसतात.
आता तुमच्या वेळा बघा. सकाळी ठीक, पावणेबाराला बंद. दुपारी तीनला ठीक, पाचला बंद. छापखाना १ ते ३ बंद असतो ना?

शाई-कागद | ६:१४
हो, जेवायला घरी जातो सगळे. एक झोपही होते.

लिनक्सवेडा | ६:१६
तेवढ्यात डिस्क घर आवरते. तुम्ही झोपता म्हणून ती जागी होते.

क्लाउडबाब | ६:२०
क्लाउडमध्ये हे असलं काही बघावंच लागत नाही.

शाई-कागद | बुधवार, सकाळी १०:०२
एसएमआरच आहे. बाकीच्या तीन सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या. दुकानदार म्हणाला होता "सगळ्या सारख्याच". २ हजार वाचले म्हणून मीही घेतली. आता बाहेर ओढू का?

म्हापशाचा शुक्रवार | १०:०५
थांबा!!! रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतो. ओढलीत आणि नवीन बसेपर्यंत दुसरी गेली, तर आरत्या, नाटकं, सगळं गेलं. आधी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर पूर्ण बॅकअप, तो दोन-चार फायली उघडून तपासा, मगच हात लावा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. माझं मत विचाराल तर चतुर्थी होऊ द्या, मग बदला.

लिनक्सवेडा | १०:१७
चतुर्थीपर्यंत रोज दोनदा बसून राहायचं? बॅकअप झाला की शनिवारी दुपारी बदला. ४ टीबीच्या रिबिल्डला (बाकीच्या तिघींवरून नव्या डिस्कवर सगळं पुन्हा भरायला) दहा-बारा तास धरा, रविवारी छापखाना बंदच असेल.

म्हापशाचा शुक्रवार | १०:२४
आणि रिबिल्डच्या मधेच लाइट गेली तर? यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली ते विचारलंय कोणी?

लिनक्सवेडा | १०:२६
हे मात्र खरं. ताई, यूपीएस?

शाई-कागद | १०:४०
आहे. चालतो की नाही माहीत नाही.

केबलवाला मामा | १०:५५
प्लग काढून बघा ना. (नॅस आधी नीट बंद करून. यूपीएसवर एक बल्ब लावा, किती वेळ टिकतो ते मोजा.)

लिनक्सवेडा | ११:०१
मामा, आजवरचा तुमचा सर्वात चांगला सल्ला. आणि ताई, शनिवारपर्यंत एक करा: फाइल सर्व्हरवरून थेट उघडून दर पाच मिनिटांनी सेव्ह मारू नका. आपल्या मशिनवर उतरवा, काम करा, संपलं की एकदाच वर टाका. फक्त कोण कुठली फाइल घेऊन बसलंय ते फळ्यावर लिहा, नाहीतर दोघं एकाच हँडबिलावर वेगवेगळा नट छापाल.

शाई-कागद | पुढचा सोमवार, दुपारी १२:३०
उशिरा लिहितेय. यूपीएस चार मिनिटांत बसला, बॅटरी नवीन घातली. बॅकअपला शुक्रवारची रात्र गेली. शनिवारी दोन वाजता सीएमआर डिस्क टाकली, रविवारी पहाटे रिबिल्ड पूर्ण. आज पावणेबाराला सगळे मुद्दाम हात थांबवून बसलो होतो. १.२ जीबीचा मंडपाचा बॅनर सेव्ह मारला, मी घड्याळ बघत होते, १४ सेकंद. समोरच्या गाड्यावाल्याने नंतर येऊन विचारलं, आज पावणेबाराला चहाला कोणीच कसं आलं नाही.
@माटोळीप्रेमी, ५०० प्रतींचा दर व्यनि केलाय.

केबलवाला मामा | १२:३४
म्हणजे कोपऱ्यातली केबल बदलल्यापासून व्यवस्थित चाललंय.

शाई-कागद | १२:३६
हो मामा.